ओल्या रंगाची पाटी

बसा, टेकून बसा. पाय लांब केलेत तरी चालेल, इथं कोण बघतंय तुमच्याकडे. एका बाकाची गोष्ट सांगतो. म्हणजे गोष्ट तशी माणसांचीच, पण माणसं तिच्यात थोडी आणि बाकं पुष्कळ. जेवायच्या जागाही पुष्कळ, तेव्हा तुमचं पोट भरलेलं असलं तर बरं. शेवटी एक काम सांगणार आहे तुम्हाला, फार अवघड नाही. आधी ऐकून तर घ्या.

तर एक दाजी होते. नाव होतं त्यांना, पण ते फक्त हजेरीच्या वेळी निघायचं. बाकी सगळे त्यांना दाजी म्हणायचे, कारण त्यांचा मेव्हणा त्यांना दाजी म्हणायचा आणि तो बोलायचा मोठ्यानं. त्याला कमी ऐकू यायचं. लहानपणी कान फुटले ते फुटलेच. आपला आवाज आपल्याला ऐकू आला नाही की माणूस दुसऱ्याच्या कानांवर सूड उगवतो. बागेच्या या टोकाला उभं राहून त्यानं "दाजी, टर्पेंटाइन" म्हटलं की त्या टोकाची कबुतरं उडायची.

धंदा दोघांचा एकच. शहरातल्या बागांची बाकं रंगवायची, हिरवी. कुंपण, झोके, घसरगुंडीची शिडी हे अधूनमधून, पण खरं पोट बाकांवर. आता तुम्ही म्हणाल, बाक रंगवायला अक्कल कशाला लागते. बरोबर आहे. अक्कल नाही लागत, जोडीदार लागतो. लांब फळ्यांचं बाक असलं की एकानं या टोकानं सुरुवात करायची, दुसऱ्यानं त्या टोकानं, आणि मधोमध ब्रशला ब्रश भिडवायचा. रंग ओला असतानाच दोन्हीकडचं एकजीव होतं. एकट्यानं करायला गेलं की डबा उचलून पलीकडे जाईस्तोवर अलीकडची कड आळून जाते आणि बाकाच्या मध्यावर एक शीर उमटते. बसणाऱ्याला ती दिसत नाही, त्याला बूड टेकल्याशी मतलब. रंगाऱ्याला मात्र ती गालावरच्या व्रणासारखी दिसते.

आणखी एक. भर उन्हात तेलाचा रंग मारायचा नसतो, फोड येतात. म्हणून दुपारी काम बंद ते ऊन कलेपर्यंत बंद. ही सुट्टी दाजींच्या फार लाडाची, कारण त्याच वेळेला डबा यायचा.

डबा घेऊन यायची ती दाजींची बायको. मेव्हण्याची थोरली बहीण, तो तिला ताई म्हणायचा. आपणही ताईच म्हणू. बाग कुठली का असेना, ताई आधी येऊन सगळ्यात दाट सावलीचं बाक हेरायची. मग यांच्या सामानातून 'रंग ओला आहे, बसू नये' अशी पाटी उचलायची, त्या कोरड्या बाकाच्या पाठीला अडकवायची आणि वर मांडी घालून खुशाल बसायची. मग कोणाची टाप आहे तिथं बसायची. एखादा आजोबा कळवळून सांगायचा, "अहो बाई, कपडे खराब होतील."

"होऊ देत की. नवरा नवे घेऊन देईल."

दाजी लांबून ऐकायचे आणि आपल्याला काही ऐकूच आलं नाही अशा चेहऱ्यानं ब्रश धुवायचे.

मग ती पाटी लांबून दिसली की हे दोघं तिकडे चालू लागायचे. मधे ताई, एका अंगाला नवरा, एका अंगाला भाऊ, डबा तिच्या मांडीवर. भावाशी बोलायचं तर ओरडावं लागायचं, आणि दाजींना ओरडायचा कंटाळा. म्हणून इकडचं तिकडे ती पोचवायची.

"दाजी काय म्हणतात?"

"म्हणतात, तू जरा कमी खात जा."

"ते असं म्हणायचे नाहीत."

"नाहीच म्हणाले. मी म्हणते."

असं चाललं होतं. मग ताई गेली. आजार थोडक्याच दिवसांचा. दवाखान्याच्या फेऱ्या झाल्या, एका फेरीतून ती परत आली नाही. यावर दाजी बोलत नाहीत, मीही बोलत नाही.

पुन्हा कामावर आले त्या पहिल्या दिवशी मेव्हण्यानं स्वतः रांधून डबा आणला. आयुष्यात कधी चूल पेटवली नव्हती त्यानं. भात खाली लागलेला, कालवणात मीठ दोनदा पडलेलं. दोघं एका बाकाच्या दोन टोकांना बसले. मधली जागा मोकळी. पाटी लावायचं कोणालाच सुचलं नाही, पण कोणी येऊन बसलंही नाही. तोंडं बघूनच लोक लांबून जात होते.

दाजींनी दोन घास खाल्ले, पाणी प्यायले आणि डब्याचं झाकण लावलं. म्हणाले, "उद्यापासून आणू नकोस हे. ती होती तोवर ठीक होतं."

आता दाजींच्या मनात काय होतं ते ऐका. मनात होतं की हा अंधारात उठून भांड्यांशी झटापट करतो, बोटं भाजून घेतो, ते बघवत नाही. मनात होतं की तिच्याशिवाय या बाकावर घास उतरत नाही. पण तोंडातून निघालं ते एवढंच, तेही तुटक. आणि बघा कशी गंमत, जो माणूस एरवी साधं 'पाणी दे' तीनदा सांगायला लावायचा, त्याला हे एवढं वाक्य पहिल्या खेपेला जसंच्या तसं ऐकू गेलं.

"बरं, दाजी," तो म्हणाला. हळू म्हणाला. एकही कबूतर उडालं नाही.

पुढच्या आठवड्यात तो कामावर आला नाही. मुकादमाकडून कळलं की नदीपलीकडच्या बागा ठेक्यानं दिल्यात आणि तो त्या ठेकेदाराच्या टोळीत गेला. दाजींना वाटलं, राग उतरेल, येईल. आला नाही. त्याच्या खोलीवर गेले तर खोली सोडलेली. फोन करावा तर तो फोन उचलायचा, "बोला, मला ऐकू येत नाही," असं अख्ख्या गल्लीला सांगायचा आणि ठेवून द्यायचा. ठेकेदाराला विचारलं तर तो म्हणे, "सकाळी माणसं टेम्पोत भरतो, कोण कुठं उतरतो ते टेम्पोवाल्याला ठाऊक. आणि टेम्पोवाला टिकत नाही माझ्याकडे."

घरी दाजी एकटे. संध्याकाळी हात धुतले की करायला काही नाही. डबा फळीवर पालथा घातलेला. शेजारीण विचारायची, जेवलात का, हे म्हणायचे, जेवलो, आणि दार लावून घ्यायचे. ताईचं नाव काढावं तर कोणापाशी. नातेवाईक तिला सून म्हणून ओळखायचे, शेजारी बाई म्हणून. तिला ताई म्हणणारा एकच माणूस होता, आणि त्याला यांनी एका वाक्यात हाकलला होता. ते वाक्य परत घ्यायचं होतं. फक्त तेवढंच काम शिल्लक होतं दाजींना या जगात, बाकी सगळं नुसता रंग होता.

मग दाजींनी डोकं चालवलं. दुपारी काम बंद असतं, यांचंही आणि त्याचंही. दुपारी माणूस जेवतो. आणि तो आता स्वतः रांधत नसणार, भाजलेल्या बोटांनी कोण रांधतं. म्हणजे बागेजवळच्या कुठल्यातरी खानावळीत असणार. झालं. दुपार झाली की दाजी ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवून ठेवायचे आणि पूल ओलांडायचे.

नदीपलीकडे शहर वेगळंच. हे जन्मभर अलीकडे राहिले, पलीकडे इतक्या बागा आहेत हे त्यांना ठाऊकच नव्हतं. चार इमारतींच्या मधे चिमटीत धरल्यासारखी एखादी. एखादी उतारावर, तिथं बाकावर बसलं की माणूस हळूहळू शेजाऱ्याकडे घसरतो. एखादीत नुसत्या बाया, लोकर विणत. दाजी बागेत शिरले की आधी बाकाखाली हात घालायचे. मेव्हणा बाकाच्या खालच्या अंगालाही रंग मारतो. ताईनं लावलेली सवय. पोरं खाली लपतात, त्यांच्या डोक्याला गंज लागतो, म्हणायची. दुसरा कोणी रंगारी खाली ब्रश घालत नाही. खाली रंग सापडला की दाजींनी ओळखावं, हात त्याचाच. मग नखानं दाबून बघायचं. कडक लागला की जुना. जरा दबला की कालपरवाचा. आणि ज्या बाकावर पाटी असेल त्याच्या वाटेला जायचं नाही, ओल्याला बोट लावणं म्हणजे दुसऱ्याच्या कामावर थुंकणं. असल्या पाटीचं एक बाक जवळजवळ प्रत्येक बागेत दिसायचं, झाडाखाली, अंधारात. दाजी ते लांबूनच बघायचे, इथं मारलाय वाटतं सकाळी, असं मनात म्हणायचे आणि लगबगीनं खानावळीकडे सुटायचे, जेवण संपायच्या आत त्याला गाठायला.

खानावळी तरी किती तऱ्हेच्या. गॅरेजच्या गल्लीत एक होती, तिथं उभ्यानं खायचं. उंच फळ्या, फळीवर ताटली, आजूबाजूला ग्रीसनं माखलेली माणसं, एकमेकांच्या बायकोवरून थट्टा चाललेली. दाजी मधे उभे राहिले की थट्टा त्यांना वळसा घालून पलीकडे जायची. दवाखान्याच्या मागे एक होती, तिथं मुद्दाम बोलावं लागायचं नाही, कारण कोणीच बोलत नव्हतं. लोक ताटात बघत बसायचे, अर्धं टाकून उठायचे, आणि मालक अर्ध्याचेच पैसे घ्यायचा. दाजी तिथं एकदाच गेले. तिथल्या लोकांची तोंडं त्यांना फार ओळखीची वाटली.

कुठंही गेलं तरी पहिला प्रश्न एकच. "किती जण?"

"एक."

"एकटेच?" आणि मग हात धुवायच्या नळाजवळचं टेबल. तुम्ही एकटे जेवत असाल तर तुम्हाला ठाऊक असेल ते टेबल. प्रत्येक खानावळीत असतं. येणाराजाणारा तिथं हात झटकतो.

मग एका उताराच्या बागेखाली एक खानावळ लागली, दुसऱ्या मुलखातून आलेल्या एका बाईची. पाटीबिटी नाही, पडदा सारून आत जायचं. तिची भाषा तिलाच कळेल अशी. आंबट सूप, त्यात लांबच लांब शेवया. दाजी ते कसं खावं या विवंचनेत असताना बाई येऊन त्यांच्या बोटांकडे बघू लागली. नखांत हिरवा रंग, तो काय कधी निघतो. बाई हसली. आपल्या नखांकडे बोट दाखवलं, दाराकडे दाखवलं, मग कानाला हात लावून मान हलवली.

दाजी ताडकन उठले. "बहिरा? इथं आला होता? कधी?"

बाईला शब्द कळले नाहीत, पण माणूस कळला. तिनं दोन वाडगे पुढ्यात मांडले, दोन्हींवर झाकण ठेवलं, कापडात गाठ मारल्यासारखं केलं आणि दार दाखवलं. दोन बोटं वर केली. दोन.

दाजी जरा वेळानं खाली बसले. दोन जणांचं बांधून नेतो.

परतताना गॅरेजच्या गल्लीत पुन्हा शिरले. मालकाला विचारलं, "हिरव्या नखांचा, मोठ्यानं बोलणारा कोणी यायचा का?"

"यायचा म्हणजे? माझे कान अजून वाजतायत. दोघांचं बांधून न्यायचा. आणि एकात मीठ कमी घाला म्हणायचा, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं. मी म्हटलं, अरे बाबा, एवढं लाडाचं कोण आहे तुझं?"

"काय म्हणाला?"

"त्याला ऐकू आलं नाही."

दाजी पुलावरून परत आले ते पाय ओढत. आता काय राहिलं होतं. त्याला नवा जोडीदार मिळाला होता. बरं झालं की, मिळायलाच हवा, एकट्यानं बाक होत नाही. आणि नवा जोडीदार नाजूक दिसतोय, कमी मीठवाला. आपण कोण मग मधे जाऊन उभे राहणार, जुनं वाक्य हातात घेऊन. त्या दिवसापासून दाजींनी पूल ओलांडला नाही. दुपारी पाव आणि उकडलेलं अंडं, झाडाला टेकून, बाकावर नाही. त्यांनी रंगवलेल्या बाकांवर शिरा उमटत होत्या, आणि मुकादमाला काही दिसत नव्हतं.

असे बरेच दिवस गेले. मग एकदा मुकादम आला. "दाजी, तो पलीकडचा ठेकेदार काम संपवून गेला. माणसं घेऊन गेला कुठल्या दुसऱ्या गावाला. पण आपल्या पाट्या तशाच लटकत ठेवून गेला बेटा. लोक तक्रार करतात, रंग कधी वाळायचा म्हणून. जा, काढून आण."

दाजी पिशवी घेऊन गेले. पहिलीच बाग उताराची. झाडाखाली ते बाक, पाठीला पाटी. दाजी लांब उभे राहिले. सवय हो. पाटी दिसली की पाय आपोआप थांबतात.

तिथं एक माळीणबाई पाणी घालत होती. म्हणाली, "काढा ती पाटी एकदाची. रंग ना रूप, नुसती पाटी."

"रंग मारलाय ना?"

"कुठला मारलाय. सगळी बाकं केली आणि हेच ठेवलं. मी म्हटलं त्याला, हे का सोडलंस रे? त्याला कुठलं ऐकू यायला. सकाळी आला की आधी पाटी लावायचा. दुपारी जेवण बांधून आणायचा, त्या टोकाला बसायचा, आणि दुसरं जेवण मधे झाकून ठेवायचा. वाट बघायचा कोणाची तरी. मग उठताना ते मांजरीला घालायचा. बघा तिच्याकडे, कशी माजलीय. आता मी घातलेलं हुंगत पण नाही, महाराणी."

"बरोबर कोणी नव्हतं? जोडीदार?"

"एकटाच होता. रंगवलेल्या बाकांखाली मान घालून आधी काहीतरी शोधायचा. एकदा मला बोलावून दाखवलं. एका बाकाच्या पोटाला नखाची खूण होती, ओल्या रंगात उठलेली. एवढा खूश झाला, म्हणाला, 'आले होते.' मला वाटलं, याच्या डोक्यावर परिणाम झालाय."

दाजी बाकापाशी गेले. बोट लावलं. कोरडं. नुसतं कोरडं नाही, जुना रंग पोपडे धरून सुटत होता, बोटाला चिकटायच्या ऐवजी बोटाबरोबर निघून आला. सगळा जन्म रंगात घातलेला माणूस पाटीला फसला होता. आणि का फसला सांगू? ती पाटी त्यांनी कधी रिकाम्या बाकावर बघितलीच नव्हती. पाटीखाली नेहमी ताई बसलेली असायची, मांडी घालून. ताई दिसली की जेवण. ताई नसली की नुसता ओला रंग.

मग त्यांनी बाकीची बाकं बघितली. प्रत्येकाच्या मध्यावर शीर. एकट्या हाताची. इतके दिवस नखं दाबत फिरले, खाली वाकून रंग शोधला, आणि डोळ्यांसमोरची शीर बघितली नाही. मीठ कमी कोणासाठी, ते तेव्हा कळलं. त्या दिवशी यांनी डबा मिटला तो मिठामुळे, असं धरून बसला होता तो वेडा.

दाजी पाटीसकट त्या बाकावर बसले, एका टोकाला. मांजर आली. मधल्या जागेत बसली आणि यांच्या हातांकडे बघत राहिली. हात रिकामे होते.

एक आजोबा काठी टेकत चालले होते. म्हणाले, "अहो, कपडे खराब होतील."

"होऊ देत," दाजी म्हणाले.

पाट्या त्यांनी सगळ्या मुकादमाकडे जमा केल्या, एक सोडून. ती त्यांच्या पिशवीतच असते. आता ज्या बागेत काम असेल तिथं सकाळी आधी सावलीचं बाक शोधतात आणि पाटी लावतात. दुपारी जवळच्या खानावळीत जातात. 'किती जण' विचारलं की 'दोन' सांगतात. 'बांधून द्या.' मग येऊन टोकाला बसतात. रस्त्याचा आवाज झाला की मान वर करतात, ऊन कलेपर्यंत. नंतर दुसऱ्या टोकाचं जेवण कोणीतरी खातं, मांजर, कुत्रं, एखादा भुकेला. दाजी त्यांना हाकलत नाहीत, पण मध्यावर कोणाला बसू देत नाहीत.

ठेकेदाराची टोळी कुठल्या गावी आहे ते कोणाला ठाऊक नाही. आज इथं, उद्या तिथं. तुमचं फिरणं असतं, म्हणून तुम्हाला सांगतो. कुठल्याही गावात, कुठल्याही बागेत, झाडाखाली अशी पाटी दिसली तर तिचं ऐकू नका. बोट लावा. कोरडं लागलं तर तिथंच थांबा, दुपार होईपर्यंत. एक माणूस जेवण घेऊन येईल, नखं हिरवी असतील. त्याच्या अगदी कानाशी जा, आणि लाजू नका, चांगलं ओरडून सांगा, आसपासची कबुतरं उडाली तरी उडू देत. म्हणावं, दाजी आले होते. रोज येत होते. पाटी खरी वाटली त्यांना. एवढं सांगाल ना?